पुएर्तो मोरोतीची एकुलती एक वाचक

पुएर्तो मोरोतीत एखादा माणूस एकट्याने तेरेरे पिताना दिसला, तर शेजारी त्याच्या घरी चौकशीला जातात. भांडण झालं का? ताप आहे का? कोणी गेलं का? यर्बाचा पाला आणि गार पाणी घातलेला तो शिंगाचा पेला फिरवण्यासाठीच असतो. एकाने ओतायचं, बाकीच्यांनी एकाच नळीने प्यायचं आणि पेला पुन्हा ओतणाऱ्याच्या हातात द्यायचा. विद्यापीठाच्या ग्रंथालयात हा पेला निमिया ओवेलारच्या ताब्यात असे. आणि नुसता पेलाच नव्हे, जगभरातली ई-जर्नल्सही तिच्याच ताब्यात असत.

खरं म्हणजे ओतायचं काम घोळक्यात वयाने लहान असेल त्याचं. निमिया पन्नाशीच्या पलीकडची, अंगाने भरलेली आणि आवाजाने त्याहून भरलेली. पण तिच्या हातातला थर्मास काढून घेण्याची कोणाची छाती नव्हती. "लहान मुलं पाणी सांडतात," असं ती म्हणे, आणि तिच्या लेखी चाळिशीच्या आतले सगळे लहान मुलांत मोडत. ही लहान मुलं तिला मानाने न्या निमिया म्हणत.

रोज सकाळी, उत्तरेचं गरम वारं सुटायच्या आत, ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत खुर्च्या गोल मांडल्या जात. मध्ये निमिया, तिच्यासमोर कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरवर जे दिसेल ते भिंतीवर मोठं दिसत असे. पेला ज्याच्या हातात, बोलायची पाळी त्याची. एक घोट घ्यायचा आणि आपली अडचण सांगायची. कोणाला तिळावरच्या किडीचं हवं असे, कोणाला जमिनीच्या वारसाहक्काचं, कोणाला नदीतल्या सुरुबी माशाचं. निमिया ऐकायची, दोन उलटे प्रश्न विचारायची, मग तिची बोटं चालायची आणि भिंतीवर शोधनिबंध उमटायचे.

त्यात ती तरबेज होती, हे तिच्या वैऱ्यानेही मान्य केलं असतं. प्रश्न सोलावा लागतो, असं ती सांगे. "मँडिओकाच्या कंदासारखा. साल काढली नाही तर आत काय आहे ते मशीनला कळत नाही." पशुवैद्यकाचे प्राध्यापक एलिहिओ बारेइरो, ज्यांना सगळे आदराने कराई एलिहिओ म्हणत, एकदा पूर ओसरल्यावर लंगडणाऱ्या वासरांची कहाणी घेऊन आले. त्यात वासराच्या मालकाची बायको होती, तिच्या भावाचं लग्न होतं आणि पुरात वाहून गेलेला नवा पंपही होता. निमियाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, तीन शब्द शोधाच्या पेटीत टाकले, आणि पेला त्यांच्या हातातून परत यायच्या आत खुराच्या रोगावरचा निबंध भिंतीवर हजर केला. कराई एलिहिओ तिच्याच वयाचे, शाळेपासूनचे सोबती. ते तिला अगंतुगं करत. "अगं, तू लग्न केलं नाहीस ते बरं झालं," ते म्हणाले. "नवऱ्याने तोंड उघडायच्या आत तू त्याचं सोलून ठेवलं असतंस."

ही विद्या ती राजधानीत शिकून आली होती. त्याआधी ती याच ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर आकडे चिकटवायची. देशाने सगळ्या विद्यापीठांसाठी मिळून एक मोठं पोर्टल घेतलं, परदेशी प्रकाशकांची हजारो जर्नल्स त्यात आली, आणि ते वापरायला शिकण्यासाठी प्रत्येक ठिकाणाहून एक माणूस मागवला गेला. इथल्या सगळ्यांना अचानक कामं निघाली. एकाच्या कोंबड्या अंड्यावर बसल्या होत्या, दुसऱ्याला बस लागत असे. निमिया म्हणाली, मी जाते. परत आली ती डोळ्यांत वेगळंच तेज घेऊन. विद्यापीठातल्या प्रत्येक विद्यार्थ्याचं आणि शिक्षकाचं खातं तिने स्वतः बसून उघडून दिलं, प्रत्येकाला पासवर्ड दिला, आणि छाती पुढे काढून म्हणाली, "आता बोस्टनमधल्या माणसाला जे वाचायला मिळतं ते तुम्हालाही मिळेल."

मिळालं, पण दोन दिवसच. इंटरनेट तेव्हा नदीपलीकडच्या टॉवरवरून यायचं. दोघांनी एकदम काही उघडलं की त्याला घेरी यायची, तिघांनी उघडलं तर ते दुपारपर्यंत शुद्धीवरच येत नसे. मग निमियाने नियम काढला. एकाने उघडायचं, सगळ्यांनी वाचायचं. उघडणारी अर्थातच ती. निबंध तिच्या खात्यातून उतरायचा, पेनड्राइव्हवर चढायचा, पुढे फोन आले तेव्हा ग्रुपवर पडायचा, आणि तिथून गावभर जायचा. तीळ सातजणांत वाटून खाणारं ते गाव. त्याला हा नियम अंगच्या कपड्यासारखा बसला. खुराच्या रोगावरचा तो निबंध आधी पशुवैद्यकाच्या वर्गाने वाचला, मग एका गुरांच्या मळ्यावरच्या मुकादमाने, मग त्याच्या मेव्हण्याने, आणि त्या मेव्हण्याने त्यातल्या दोन चुका काढल्या म्हणे.

पुढे जमिनीखालून नवी केबल आली. इंटरनेट पळायला लागलं. नियम मात्र तसाच राहिला. कोणी की-बोर्डकडे हात नेला तर निमिया तो हळूच बाजूला करायची. "राहू दे रे, मी करते. तू पेला धर." यात तिला कष्ट पडत होते असं कोणी समजू नये. तिला ते आवडत होतं. सकाळी खोलीत पाऊल टाकलं की सगळ्या माना तिच्याकडे वळत, आणि त्या वळाव्यात म्हणून ती उन्हाळ्यातसुद्धा कधी रजा घेत नसे.

त्या वर्षी वर्तुळात रुमिल्दा नावाची मुलगी यायला लागली. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. आई बाजारात तेरेरेत घालायच्या औषधी पाल्याची टोपली घेऊन बसायची, पाला कुटून कुटून तिच्या मनगटाला गाठ आलेली. आणि लेकीने प्रबंधाला विषय काय घ्यावा? गरोदर बायका जेवणाबरोबर तेरेरे पितात, त्याने त्यांच्या अंगातलं रक्त कमी होतं का, हा.

खोलीत पेला जिथल्या तिथे थांबला.

"पोरी," कराई एलिहिओ म्हणाले, "हे सिद्ध केलंस तर तुला पदवी मिळेल, पण राहायला गाव मिळणार नाही."

"आईला सांगितलंस का?" कोणीतरी विचारलं.

"सांगितलं. ती म्हणाली, खरं निघालं तर मी जेवण झाल्यावर प्यायचा पाला विकीन."

निमियाने त्यावर पोटभर हसून घेतलं आणि कामाला लागली. मोठ्या शहरांतल्या बायकांवरचे निबंध निघाले, दूरदेशी चहा पिणाऱ्या बायकांवरचे निघाले. पण रुमिल्दाच्या मार्गदर्शक बाईंनी बजावून सांगितलं होतं, नदीकाठच्या आपल्यासारख्या बायकांवर आधी कोणी काम केलेलं दाखव, तुलनेला काहीतरी असलं पाहिजे, नाहीतर प्रबंध पुढे सरकणार नाही. निमियाने आठवडाभर शब्द उलटेसुलटे करून पाहिले. मग हात झटकून म्हणाली, "नाही. मी शोधलंय. म्हणजे नाहीच."

पुएर्तो मोरोतीत निमियाने नाही म्हटलं की विषय संपला. रुमिल्दाने मान खाली घातली. पण ती रोज येत राहिली.

आणि एके दिवशी सकाळी, सगळे जमलेले असताना, भिंतीवर तांबडी पट्टी उमटली. हे खाते थांबवण्यात आले आहे.

निमियाला वाटलं, बोट चुकलं. तिने पासवर्ड पुन्हा टाकला, मग एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाकला. आता तो वर्तुळातल्या सगळ्यांना पाठ झाला, पण पट्टी हलेना. तिने राजधानीतल्या पोर्टलच्या कार्यालयात फोन लावला. फोन अर्थातच स्पीकरवर. या खोलीत कानसुद्धा वाटून घेतात.

पलीकडे काबान्यास नावाच्या बाई होत्या, पदवीधर म्हणून सगळे त्यांना लिसेन्सियादा म्हणत. आवाज तरुण होता, पण इस्त्री केल्यासारखा. "आपण संशोधक ओवेलार का?"

"मी ग्रंथपाल ओवेलार."

"बाई, तुमच्या खात्यातून एका आठवड्यात वासरांचे खूर, तिळाची कीड, वारसाहक्काचा कायदा, नदीतले मासे आणि गरोदरपण, एवढं सगळं डाउनलोड झालंय. एका माणसाला हे सगळं वाचायचं नसतं. प्रकाशकांना वाटलं की तुम्ही माणूसच नाही, एखादा प्रोग्राम आहात. किंवा…"

"किंवा काय?"

"किंवा तुम्ही निबंध विकताय."

खोलीतल्या एकाला ठसका लागला. निमिया उभी राहिली. "ए लेकी, माझी बहीण चिपा भाजते, चीज घातलेला पाव, गावात त्याच्या तोडीचा नाही. तोसुद्धा मी कधी विकला नाही, वाटून टाकते. आणि निबंध विकीन?"

"मग ठीक आहे," पलीकडचा आवाज जरा नरमला. "पण दुसरी गोष्ट त्याहून वाईट आहे. तुमच्या विद्यापीठात वाचकच नाहीत. आमच्याकडे सक्रिय वाचकांचा आकडा असतो. तुमचा आकडा आहे एक."

"एक कसा? इथे खोली भरलीय माणसांनी!"

"आम्ही वाचतो!" खोली एका सुरात ओरडली.

"तुमच्यापैकी कोणीही कित्येक वर्षांत लॉगिन केलेलं नाही," काबान्यास म्हणाल्या. "जिथे वाचक नाहीत तिथलं पोर्टल पुढच्या वर्षी बंद करायचं ठरतंय. महिनाअखेरीला मी स्वतः तिकडे येतेय. तेव्हा मला वाचक दिसू देत, बाई. आमची मशीन वाटणं मोजत नाहीत."

फोन बंद झाला.

"अभिनंदन, निमिया," कराई एलिहिओ म्हणाले. "अख्ख्या विद्यापीठाचं वाचन तू एकटीने केलंस."

"तुमची जीभ सोडली तर काही बिघडलेलं नाही," निमिया म्हणाली. घाबरणं तिला ठाऊक नव्हतं. "काखेत कळसा आहे प्रत्येकाच्या! खाती तर मीच उघडून दिलीत. उद्यापासून ज्याने त्याने आपापलं उघडायचं. लिसेन्सियादा येईल तेव्हा इतके वाचक दाखवीन की तिला मोजायला दुसरं माणूस बोलवावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या फोनवर, ग्रंथालयातल्या मशीनवर बसले. विसरलेले पासवर्ड निमियाने नव्याने करून दिले. पोर्टलचं दार उघडलं. आणि लोक आत शिरले ते थेट निमियाशी बोलल्यासारखे. दुसऱ्या कोणाशी बोलायची त्यांना सवयच कुठे होती? रुमिल्दाने शोधाच्या पेटीत लिहिलं, "शुभ सकाळ. आमच्या नदीकाठच्या गरोदर बायका जेवताना तेरेरे पितात, त्यांच्या रक्ताबद्दल कोणी काही लिहिलंय का ते जरा बघाल का? धन्यवाद."

मशीनने सांगितलं, काही सापडलं नाही.

"धन्यवाद कशाला म्हणालीस?" कराई एलिहिओ तिच्या खांद्यावरून डोकावत म्हणाले. "धन्यवाद म्हटलं की माणसाला पुरे झालं असं समजून ओतणारा देत नाही, हे लहान पोरालाही माहीत असतं. मशीनने पेला काढून घेतला बघ."

सगळे हसले, पण ज्याच्या त्याच्या पडद्यावर हीच गत होती. कायद्याच्या एका विद्यार्थ्याने नुसतं 'जमीन' लिहिलं आणि त्याच्यासमोर जगातली सगळी जमीन येऊन पडली, चंद्रावरचीसुद्धा. तिळावर काम करणारी एक बाई तर आपल्या किडीचं वर्णन लिहिता लिहिता रडकुंडीला आली. चार दिवसांत एकेक करून सगळे निमियाच्या टेबलाशी परत आले. सगळ्यांचं म्हणणं रुमिल्दाने मांडलं, अगदी मनापासून, कोणाला बोल लावायचा म्हणून नव्हे.

"न्या निमिया, आमच्या खात्यात काही नाहीये हो. सगळं तुमच्याच खात्यात आहे."

हे वाक्य निमियाच्या काळजात घुसलं. ती काही बोलणार तोच कराई एलिहिओंनी तोंड उघडलं, आणि या वेळी ते थट्टा करत नव्हते.

"दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायची सवय लागली ना, की आपल्या हाताची ओंजळ कशी करायची ते माणूस विसरतो. मी पण विसरलो. माझ्या वासरांचं काल मला काही सापडलं नाही, निमिया. डॉक्टरेट आहे माझी. लाज वाटली मला. पण ही सवय लावली कोणी?"

"म्हणजे उपकार केले ते पाप झालं का माझं?"

"उपकारच केलेस. जरा जास्तच केलेस."

निमियाने त्यांच्या हातातला अर्धा भरलेला पेला काढून घेतला. पुएर्तो मोरोतीत याहून मोठा अपमान नाही. कराई एलिहिओ टोपी उचलून निघून गेले.

दुपारी गाव झोपतं. निमिया आंब्याखालच्या झुल्यात पडली होती, पण डोळा लागेना. तिला एलिहिओंचा राग आला होता. पण खरा राग त्यांचा नव्हता, आणि तो कोणाचा आहे हे तिला कळत होतं. की-बोर्डकडे येणारे किती हात आपण बाजूला केले ते तिला आठवायला लागलं. राहू दे, मी करते. किती प्रेमाने म्हणत होतो आपण ते! आणि त्या प्रेमाने पोरांना पांगळं करून ठेवलं. तिला मनापासून वाईट वाटलं. पण चूक मांडीवर घेऊन थोपटत बसणाऱ्यांतली ती नव्हती. गावाचे दरवाजे पुन्हा उघडायच्या आत ती उठली, तोंडावर पाणी मारलं आणि कराई एलिहिओंच्या दारात जाऊन उभी राहिली.

"उद्या या," ती म्हणाली. "पेला पूर्ण देईन."

"आणि?"

"आणि मी की-बोर्डला हात लावणार नाही."

"देवा," कराई एलिहिओ म्हणाले. "हे बघायला मी नक्की येणार."

दुसऱ्या दिवशी निमियाच्या खुर्चीवर रुमिल्दा बसली आणि निमिया वर्तुळात. पहिला तास तिला भयंकर गेला. रुमिल्दाने नको तो शब्द लिहिला की निमियाचे हात आपोआप उठायचे. शेवटी ती हातांवर बसली. "मशीनला शुभ सकाळ लागत नाही," ती म्हणाली. "सोल." मग काय टाकायचं आणि काय ठेवायचं यावर खोलीत अशी वादावादी जुंपली की शेजारच्या वर्गातून कोणीतरी बघायला आलं. 'बायका' ठेवायचा की 'गरोदर' ठेवायचा? दोन्ही कशाला, गरोदर म्हटलं की बाईच आली! आणि वासरांचं काय, कराई एलिहिओ ओरडले, माझ्याकडे गाईसुद्धा गरोदर असतात!

ज्यांच्या हाताला काम नसतं त्यांचं काय होतं, ते त्या दिवसांत सगळ्यांनी भोगलं. की-बोर्ड सुटल्यामुळे निमिया सारखी ओतत होती, आणि प्रत्येकाला नेहमीच्या दुप्पट तेरेरे प्यावं लागत होतं. पण तिने बोट लावलं नाही. प्रत्येकाला एक एक दिवस त्या खुर्चीवर बसवलं. तिळाच्या बाईंना कीड सापडली, तेव्हा त्यांनी भिंतीला मिठी मारली. कायद्याच्या पोराने जग सोडून फक्त आपल्या देशाची जमीन मागायला शिकून घेतलं. कराई एलिहिओंना विद्यार्थ्यांसमोर शिकायची लाज वाटत होती, म्हणून ते दुपारच्या झोपेच्या वेळी मागच्या दाराने यायचे, आणि निमिया त्यांना रागावत रागावत शिकवायची. "डॉक्टरेट म्हणे! अहो डॉक्टर, अवतरणचिन्ह दोन्हीकडे टाकायचं असतं, एका कानातच डूल घालून फिरता का कधी?"

महिनाअखेरीला लिसेन्सियादा काबान्यास आल्या. रात्रभरच्या बसने आल्या होत्या, केस आखूड, डोळ्यांखाली काळं, आणि आवाजातली इस्त्री रस्त्यातच कुठेतरी मोडली होती. निमियाने आधी त्यांच्या हातात पेला दिला. त्यांनी तो एका दमात संपवला आणि दुसरा मागितला. खोलीला तेवढ्याने जरा बरं वाटलं.

"दाखवा, बाई," काबान्यास म्हणाल्या. "तुमचे वाचक."

"माझं खातं तुम्ही बंद केलंय. मी काय दाखवणार? ह्यांना विचारा. कोणालाही. तुम्हीच निवडा."

काबान्यासांनी खोलीवर नजर फिरवली आणि नेमकं रुमिल्दाकडे बोट केलं. बाकी कोणीही चाललं असतं. ह्या मुलीचाच विषय असा होता की ज्यात हाती काही लागत नाही, हे निमियाला पक्कं माहीत होतं. आता ही बया बघणार की वाचक आहेत, पण त्यांच्यासमोर ताट रिकामं आहे. रुमिल्दा उठून खुर्चीवर बसली. तिची मान लाल झाली होती.

तिने आपला प्रश्न सोलला. भिंतीवर आले ते निबंध निमियाच्या ओळखीचे होते. मोठं शहर, मोठं शहर, दूरदेशीचा चहा.

"म्हणजे तुमच्या भागातल्या बायकांवर काही नाही," काबान्यास म्हणाल्या.

"नाही," निमिया लगेच म्हणाली. मुलीला आणखी लाजवायला नको होतं. "मी शोधलंय. नाहीच."

रुमिल्दाने मागे वळूनही पाहिलं नाही. मोठ्या शहरातल्या निबंधापाशी ती थांबली आणि विषय सोडून लिहिणाऱ्यांची नावं वाचायला लागली. "ही कोण?" ती स्वतःशीच म्हणाली आणि पहिल्या नावावर टिचकी मारली. त्या बाईने आजवर काय काय लिहिलं ते सगळं खाली आलं. "आणि हिच्याबरोबर ही कोण? सामानिएगो…"

"सामानिएगो पलीकडच्या काठावर आहेत," कोणीतरी म्हणालं. "नावाड्यांचं घर."

"त्यांची एक मुलगी नर्स झाली, कोरिएन्तेस शहरात गेली," तिळाच्या बाई म्हणाल्या. "लाल केसांची."

"गप्प बसा, शोधू द्या तिला," कराई एलिहिओ पुटपुटले.

रुमिल्दाने सामानिएगोच्या नावावर टिचकी मारली. सामानिएगोचा एकटीचा एकच निबंध होता, नर्सिंगच्या कुठल्याशा लहान जर्नलमधला. नदीकाठच्या वस्त्यांतल्या गरोदर स्त्रियांच्या जेवणाच्या सवयी. त्याच्या नावात रक्त नव्हतं, यर्बा नव्हती, वरच्या चार ओळींच्या सारांशातही नव्हती. निमियाचे शब्द त्याच्या दारावरून रोज गेले होते आणि आत कधी शिरले नव्हते. रुमिल्दा आत शिरली, आणि तिसऱ्या पानावर तक्ता होता. जेवताना तेरेरे पिणाऱ्या किती, न पिणाऱ्या किती, कोणाचं रक्त किती. वस्त्यांची नावं तर अशी की त्यातल्या निम्म्या वस्त्या या खोलीतून दिसत असाव्यात.

खोली आ वासून भिंतीकडे बघत राहिली.

"तिथे का शिरलीस तू?" निमियाने विचारलं. "असं कोणी शोधतं का?"

"न्या निमिया, बाजारात आपल्याला एखादा माणूस शोधायचा असला तर आपण तो काय काम करतो असं थोडंच विचारतो?" रुमिल्दा म्हणाली. "आपण विचारतो, कोणाचा कोण."

इतकी वर्षं नाही म्हणताना आपल्याला कधी शंका का आली नाही, याची निमियाला शरम वाटली. आणि त्याच वेळी तिला इतका आनंद झाला होता की उठून त्या मुलीचा मुका घ्यावा. तिने तो घेतलाही, डोक्यावर, सगळ्यांसमोर, राजधानीच्या बाईंसमोरसुद्धा.

काबान्यासांनी त्यानंतर आणखी तिघांना खुर्चीवर बसवलं. मग आपल्या टॅबवर काहीतरी टिपलं. "पोर्टल राहील," त्या म्हणाल्या. "महिनाभरातला तुमचा आकडा मी बसमध्येच पाहिला होता, पण माझा विश्वास बसत नव्हता. मला वाटलं, तुम्हीच सगळ्यांच्या नावाने बसून उघडताय."

"मी?" निमिया म्हणाली.

"हो, तुम्ही. माफ करा." त्यांनी तिथल्या तिथे निमियाचं खातंही उघडून दिलं, तिसरा पेला संपवला, धन्यवाद म्हणाल्या, आणि परतीची बस गाठायला निघाल्या.

त्या गेल्या तशी खोलीत एकच गलका उडाला. ज्याच्या त्याच्या तोंडी सामानिएगोची लाल केसांची मुलगी. त्या गलक्यातच निमिया नेहमीच्या सवयीने म्हणाली, "रुमिल्दा, तो निबंध ग्रुपवर टाक गं. मला नीट बघायचाय."

रुमिल्दा म्हणाली, "नाही टाकणार."

गलका थांबला. निमियाला नाही म्हणणारं माणूस त्या खोलीत पहिल्यांदाच दिसत होतं.

"तुमचं खातं उघडलंय ना आता," रुमिल्दा म्हणाली, अर्धी घाबरलेली, अर्धी हसत. "मग तुमच्या खात्यातून उघडा. एक वाचक वाढेल."

कराई एलिहिओंनी तर डोळे मिटून घेतले. मग निमिया हसायला लागली, खुर्ची ओढून कोपऱ्यातल्या मशीनपाशी जाऊन बसली, आणि स्वतःच्या नावाने आत शिरली. निबंध उघडला. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं की आजवर आपण हजारो निबंध लोकांच्या हाती दिले, त्यांची नावं वाचली, सारांश वाचले, पण एकही शेवटपर्यंत वाचला नाही. पुढचा माणूस नेहमी थांबलेला असायचा. राजधानीच्या मशीनने जिला पुएर्तो मोरोतीची एकुलती एक वाचक ठरवलं होतं, तिने वाचलं असं काहीच नव्हतं.

पहिल्या पानावर सामानिएगोने एका बाईची गोष्ट सांगितली होती, जी सातव्या महिन्यात घाटावर कपडे धुताना चक्कर येऊन पडली होती. निमियाने चष्मा वर सरकवला आणि पुढचं पान उघडलं.

कायद्याचा विद्यार्थी तिच्या मागे येऊन उभा राहिला. "न्या निमिया, ते वारसाहक्काचं जरा…"

"थांब," निमिया मान वर न करता म्हणाली. "मी वाचतेय."